पहिल्या महिन्यात एवढंच कर

भावा, अंतराळ मोहिमांची आवड लागली हे लई भारी. पण एकदम सगळ्या देशांच्या मोहिमा धरू नकोस, महिन्याभरात दम लागंल. आधी इस्रोच धर.

१. फॉरवर्डवर विश्वास ठेवू नकोस. बातमी इस्रोच्या संकेतस्थळावर दिसली तरच खरी.

२. उड्डाणाची तारीख पेन्सिलनं लिही. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं आधी थांबवलं आणि २२ जुलैला झालं. पुढं ढकललं म्हणजे फसलं असं नव्हे, ही नवख्यांची नेहमीची चूक.

३. इतिहास अपयशापासून वाच. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या इस्रोच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. मधल्या अकरा महिन्यांत काय दुरुस्त केलं ते शोध. मला या विषयाची खरी गोडी तिथंच लागली.

दुर्बीण आत्ताच घेऊ नकोस. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. वेळ बघून सूर्यास्तानंतर रंकाळ्यावर ये. न लुकलुकता सरकणारा ठिपका दिसला की तेच. विमानाचे दिवे उघडझाप करतात, एवढा फरक ध्यानात ठेव.

रॉकेटच्या इंजिनांचं नंतर बोलू.