बहुमत असूनही जो मॅन्चिन आणि क्रिस्टन सिनेमा या डेमोक्रॅटिक सिनेटरांनी आपल्याच पक्षाच्या बायडेन यांचा अजेंडा कसा अडवला? मतदारांच्या हातात काय होतं?

सिनेट 50-50 होती, बरोबरी फोडणारं मत उपराष्ट्राध्यक्षांचं. म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा एक जरी अडला, तरी विधेयक बारगळलं. ‘बिल्ड बॅक बेटर’ या बायडेन यांच्या सामाजिक आणि हवामानविषयक खर्चाच्या विधेयकाला अर्थसंकल्पी मार्गामुळे एरवी लागणारी 60 मतं लागत नव्हती, पण 50 हवीच होती; डिसेंबर 2021 मध्ये जो मॅन्चिन यांनी नकार दिला आणि विषय संपला.

आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. सिनेटरला मुदतीआधी परत बोलावता येत नाही. उरते प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची निवडणूक, तीही सहा वर्षांतून एकदा. शिवाय ती सगळीकडे उपयोगाची नसते: वेस्ट व्हर्जिनियात 2020 ला ट्रम्प सुमारे 39 टक्क्यांच्या फरकाने जिंकलेले, तिथे मॅन्चिनना पाडणं म्हणजे जागा रिपब्लिकनांना आंदण देणं. (2024 ला ते उभे राहिले नाहीत, जागा गेलीच.) ॲरिझोनात मात्र पर्याय होता. क्रिस्टन सिनेमांनी डिसेंबर 2022 मध्ये पक्ष सोडला, पुढे निवडणूकच लढवली नाही आणि रुबेन गॅलेगो यांनी जागा पक्षाकडे राखली.