आधी माळावर रोज येणाऱ्याला विचार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. गायरानावर तुम्ही लावलेल्या रोपांभोवतीचे कुंपण कोणीतरी रातोरात मोडले, सकाळपर्यंत शेळ्यामेंढ्यांनी रोपे फस्त केली आणि तू जाब विचारायला पंचायतीत गेलीस तेव्हा तिथे बसलेली मंडळी हसली, हे सारे तू पोटतिडकीने लिहिले आहेस. गावालाच जंगल नको असेल तर ते आपण कोणासाठी राखायचे, असे तू शेवटी विचारतेस आणि पुण्याची नोकरी स्वीकारावी का, हेही विचारतेस. नोकरीचे तुझे तू ठरव; त्यात मी पडणार नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र मला बरेच बोलायचे आहे.

तुझ्या पत्रात सरपंचांच्या परवानगीचा उल्लेख आहे, रोपवाटिकेचा आहे, टँकरचा आहे, फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांचाही आहे. मेंढपाळ मात्र एकदाच येतो आणि तोही आरोपी म्हणून. खड्डे खणण्याआधी त्या माळावर रोज कोण येते, कोणत्या महिन्यात येते, जनावरे कोणत्या वाटेने चढतात आणि कुठे पाणी पितात, याची चौकशी तुमच्यापैकी एकाने तरी केली होती का? नसेल केली, तर गावाला जंगल नको आहे असा निष्कर्ष काढण्याचा तुला अधिकार नाही. गावातल्या ज्या माणसाला त्या जमिनीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला तुम्ही काही विचारलेच नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. माळावर रोज येणाऱ्याला आधी विचारावे आणि मगच कुदळ उचलावी, हे माझे म्हणणे तुला नवे नाही. वर्गात ऐकले तेव्हा ते तुला म्हाताऱ्याचा हेका वाटला असेल. आता कुंपण मोडल्यावर पुन्हा ऐक.

तुम्ही ज्याला ओसाड म्हणता तो माळ ओसाड नाही, हे प्रथम डोक्यात पक्के कर. आपला सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही लहरी. वरच्या थरात वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा ठिकाणी निसर्गाने शतकानुशतके जे वाढवले ते दाट जंगल नव्हे, तर पवन्या, मारवेल, कुसळी यांचे गवत, त्यात विखुरलेली बोर, हिवर, बाभूळ, तरवड आणि ओढ्याकाठी थोडी गर्दी करणारी झाडे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल आणि माळढोक हे या गवताचे रहिवासी आहेत. जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्याही खाली आहे, हा आकडा दाखवून तू लिहितेस की आपण किती मागे आहोत. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश भूभाग वन आणि वृक्षांखाली असावा असे म्हटले, ते संपूर्ण देशाचे उद्दिष्ट आहे. ते प्रत्येक तालुक्याच्या मुरमाड माळावर लादण्यासाठी नाही. उपग्रहाच्या नकाशात झाडांचा पर्णसंभार मोजला जातो, त्यामुळे उत्तम गवताळ माळही तिथे शून्यच दिसतो. त्या शून्याखाली मुळांचे जे जाळे असते, ते पहिल्या वळवाचे पाणी अडवते, माती सीना नदीत वाहून जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात मेंढरांच्या पोटाला आधार देते. जंगलाकडून आपण जे जे मागतो त्यातले बहुतेक काम आपल्या भागात हे गवतच करते, आणि म्हणून या पत्रात मी जंगल म्हणतो तेव्हा त्यात माळ धरलेला आहे.

राज्यात २०१६ पासून दर पावसाळ्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टे चढत गेली. त्या वर्षी २ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. त्या उत्साहाला मी नावे ठेवत नाही. परंतु आकडा गाठायचा असेल तर जागा लागते आणि मोकळी जागा म्हटली की सगळ्यांची नजर माळाकडेच वळते. गवत उपटून त्यात गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की कागदावर जंगल वाढते, आणि प्रत्यक्षात उघड्या माळावर घरटे करणारा पक्षी जागा सोडतो व मेंढपाळ चारा गमावतो. वेडी बाभूळ तर कोणी न लावताही किती पसरली आहे, ते तू रोज बसमधून पाहतेसच. अशाच एका लागवडीला मी गावसभेत उभे राहून विरोध केला होता. तेव्हापासून काही जण मला झाडांचा शत्रू म्हणतात, ज्यांच्याबरोबर आयुष्यभर चहा घेतला त्यांच्यापैकी एक-दोघांनी बोलणे टाकले आणि सत्काराच्या यादीतून माझे नाव वगळले गेले. सत्काराचे सोड. पण आजही तो विषय निघाला तर मी तेच बोलेन, कारण त्या माळावर बकरी चारणाऱ्या म्हातारीने मला दाखवले होते की कोणत्या उतारावर पवन्या टिकतो आणि कोणत्या उतारावर खड्डा खणला की पुढच्या पावसात ओघळ पडते. तिला न विचारता ज्यांनी खड्ड्यांची आखणी केली, त्यांच्याकडे नकाशा होता. तिच्याकडे तो उतार होता. (हे लिहिताना माझा आवाज चढला आहे असे तुला वाटेल. चढला आहे.)

नान्नजच्या अभयारण्याचा इतिहास तुला पाठ आहे, तरी त्याचा अर्थ पुन्हा लाव. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे आली, खाजगी शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या किडे टिपत आला, त्यालाच तो अडचण वाटू लागला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान पक्षी जवळजवळ राहिला नाही. आता माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. वर्षाला बहुधा एकच अंडे आणि तेही उघड्या जमिनीवर घालणारा पक्षी तो. त्याच्या नाशाला विजेच्या तारा, शिकार, बदललेली पिके, तुटत गेलेले माळ अशी अनेक कारणे आहेत आणि ती सगळी एका चुकीच्या रेघेवर ढकलणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा आधी रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या आत राहणाऱ्याला नंतर कळवायचे, या पद्धतीने पक्ष्याचे राखणदार कमी झाले, वाढले नाहीत, हे मी अनेक ओट्यांवर बसून ऐकले आहे.

याच्या उलट जिथे विचारणे आधी झाले, तिथे काय घडले ते पाहा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले, ते नुसत्या घोषणेपुरते नव्हते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याची मुभाही मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात, असे जंगलात जाणाऱ्यांनीच सभेत सांगितले. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय बाहेरून कोणी लादला असता तर महिनाभरही टिकला नसता.

तू म्हणशील, तिकडे जंगल आहे, आपल्याकडे काय आहे? मग शेजारच्या जिल्ह्यातले हिवरे बाजार बघ. तोही पर्जन्यछायेतलाच, एकेकाळी पाण्यासाठी वणवण करणारा. तिथे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, आणि बंदी हा शब्द ऐकून तुझे डोळे चमकतील म्हणून लगेच सांगतो की त्या बंदीबरोबर गवत कापून नेण्याची मुभा होती. मोकाट चराई बंद, विळ्याने कापणी चालू. जनावरांना उपाशी ठेवणारा नियम आणि जनावरांचा चारा वाढवणारा नियम, दोघांचेही नाव चराईबंदीच असते. त्यातला कोणता तुमच्या गावात येणार, हे बैठकीत मेंढपाळ बसला होता की नाही यावर ठरते.

आणि त्याला विचारणे म्हणजे काही उपकार नव्हे. राखणीच्या दृष्टीने हिशेब कर. एका वनरक्षकाकडे कित्येक गावांचे क्षेत्र असते. चैत्रात भर दुपारी वाऱ्याबरोबर वणवा पेटतो तेव्हा तिथे कोण असते? तू नसतेस, मी नसतो, सरपंच नसतो. मेंढरे सावलीला बसवून हिवराखाली टेकलेला माणूस असतो. त्याने काठीने आणि ओल्या फांदीने आग झोडपली तर माळ वाचतो. त्याने पाठ फिरवली तर तुमची जाळरेषा (आग अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी) कितीही रुंद असो, संध्याकाळपर्यंत राखच उरते. परगावचा ट्रॅक्टर मुरूम उचलायला येतो, रात्री कोणी बाभूळ तोडते, शिकारी काळविटावर कुत्री सोडतात, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. ज्याला तुम्ही कुंपणाबाहेर काढले, तोच तुमचा चोवीस तासांचा पहारेकरी होता. मग कुंपण कोणी मोडले, याचा शोध घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याला पुन्हा आत कसे घ्यायचे, याचा विचार कर.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो तुला वाचता येतो. आधी सातबारा काढ. जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघ. त्यात सामूहिक वनसंपदेचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, तसाच चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही आहे, जो आपल्याकडे कोणी वाचतच नाही. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे आदिवासी नसलेल्यांना, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि ते काम सोपे नाही. जमीन महसुली गायरान असेल तर हा कायदा लागू होणार नाही. तिथे ग्रामसभेचा ठराव आणि सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल यांचा आधार घे. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ती नोंदवही उघडून बघ. त्यात मेंढपाळाच्या तोंडची गवताची नावे नसतील तर ती बसूनच कोणीतरी भरलेली आहे.

त्या नोंदवहीच्या निमित्ताने माझ्या मनातली खंत सांगतो. उत्तर सोलापुरातल्या माळांवर ज्यांच्याबरोबर मी हिंडलो, त्यांतली बहुतेक म्हातारी माणसे आता नाहीत. कोणता माळ पावसाळ्यात बंद ठेवायचा, कोणत्या नक्षत्रात उघडायचा, दुष्काळात कोणाच्या कळपाला पहिली पाळी द्यायची, हे त्यांच्यात तोंडी ठरलेले असे आणि ते पाळलेही जाई. त्यांची मुले गिरणीत गेली, पुढे गिरण्या बंद झाल्यावर रिक्षा चालवू लागली, आणि ते सारे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. ते नियम लिहून घ्यायला तेव्हा कोणालाच सुचले नाही, कारण ते नियम आहेत असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणून तुला नियम नव्याने, त्रास घेऊन बांधावे लागणार आहेत. उरलेल्यांपैकी एखाद्याला जरी अजून आठवत असेल तरी तुझे अर्धे काम होईल, आणि तो कुठे भेटेल ते तुला ठाऊक आहे: तुम्ही ज्याच्यावर तक्रार लिहिणार होता, त्याच्याच मेंढरांच्या वाड्यात.

गावकऱ्यांना पर्यावरणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी जनजागृती फेरी काढावी, असेही तू लिहिले आहेस. कृपा करून काढू नकोस. ज्या माणसाचा चारा माळावर उगवतो, त्याला माळाचे महत्त्व शाळेतल्या मुलांच्या फलकावरून कळायचे राहिलेले नाही. तुला त्याच्याकडून शिकायचे आहे. त्याला शिकवण्याची घाई तुझ्या वयात मलाही आवडत नसे, आणि आता तर मुळीच आवडत नाही.

आता पुढे काय करायचे ते सांगतो. उरलेली रोपे माळावरून काढून ओढ्याच्या काठी, शाळेत आणि बांधांवर हलव. झाड लावण्याची हौस तिथे फेड. पोलिसांत द्यायचा अर्ज फाडून टाक. दिवाळीनंतर कळप बाहेर पडण्याआधी ज्या घरांची जनावरे त्या गायरानावर चरतात त्यांच्याकडे एकेक करून जा, बायकांशी वेगळे बोल, कारण करडे-कोकरे आणि सरपण त्यांच्याकडे असते. तीन प्रश्न विचार: पावसाळ्यात माळाचा कोणता तुकडा बंद ठेवता येईल, त्या काळात जनावरे कुठे जातील, आणि नियम मोडणाऱ्याला दंड कोण करणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्याचे उत्तर कोणाकडूनही घेऊ नकोस. उत्तरे जुळली की ठरावाचा मसुदा कर, तो आधी महिला सभेत वाचून घे आणि मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांड. मांडणारी तू नसावीस. कुंपण मोडले असा तुला ज्याचा संशय आहे, त्याने मांडावा असा प्रयत्न कर. तो तयार झाला नाही तर २६ जानेवारी जाऊ दे, १ मेची ग्रामसभा येतेच.

मसुदा तयार झाला की मला पाठव. बंद ठेवायच्या तुकड्याची हद्द त्यात गट क्रमांकाने लिहिलेली हवी आणि जनावरांच्या पाण्याची वाट मोकळी ठेवलेली हवी. ती नसेल तर मी कागद परत पाठवीन.

तुझे सर