वाचकांचे प्रश्न: हैतीचं कोंपा आणि ते वाजवणारे

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत युनेस्कोने हैती या कॅरिबियन देशाच्या कोंपाला, म्हणजे तिथल्या नाचाच्या संगीताला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यावर गेल्या अंकात आपण चार ओळी दिल्या होत्या. तेवढ्यावरून इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, जो द्वेत फिलेचं ‘कात कांपे’ रील्सवर ऐकलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. माझा मित्र म्हणतो हे झूक, मी म्हणतो कोंपा. कोण बरोबर?

तुम्ही. जो द्वेत फिले फ्रान्समध्ये वाढलेला हैतीयन वंशाचा गायक आहे, तो झूकही (शेजारच्या फ्रेंच बेटांवरचं नाचाचं संगीत) गातो त्यामुळे मित्राचा गोंधळ होणं साहजिक आहे, पण हे गाणं कोंपाच. २०२५ मध्ये नायजेरियाच्या बर्ना बॉयसोबत त्याचं दुसरं व्हर्जन आलं आणि मग ते सगळीकडे पोचलं.

कोंपा आणि झूक यांचं नातं मात्र खरंच जवळचं आहे. साठ-सत्तरच्या दशकात हैतीचे बँड ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर तुफान चालायचे, इतके की तिथल्या पोरांनीही तेच वाजवायला सुरुवात केली. मग १९७९ मध्ये प्येर-एदुआर देसिमुस, जाकोब देवारियो वगैरे मंडळींनी कासाव् हा बँड काढला, ग्वादलूपचे ग्वो-का ढोल आणि पॅरिसच्या स्टुडिओतला चकचकीत साउंड एकत्र केला, आणि त्यातून झूक उभं राहिलं. १९८४ चं त्यांचं ‘झूक ला से सेल मेदिकामां नू नी’ ऐका, म्हणजे ‘झूक हेच आमचं एकमेव औषध’. देवारियोचा तो खरखरीत आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, जुलै २०२१ मध्ये कोविडने गेला बिचारा. पुढे हेच झूक अंगोलात पोचलं, तिथल्या सेंबा या नाचाच्या संगीतात मिसळलं आणि किझोम्बा आलं, तेही जोडीने नाचायचंच. तुमच्यापैकी जे किझोम्बाच्या क्लासला जातात ना, त्यांच्या पायाखाली थोडं हैती आहेच.

प्रश्न: कोंपा सुरू कोणी केलं? एका ठिकाणी नेमूर जाँ-बातिस्तचं नाव वाचलं, दुसरीकडे वेबेर सिको.

सुरू केलं नेमूरने, १९५५ मध्ये, राजधानी पोर्तोप्रिंसला. सॅक्सोफोन वाजवायचा. बाजूच्या कारफूरमध्ये औ कालबास नावाचा नाइटक्लब होता, तिथे वाजवता वाजवता बँडलाच ते नाव पडलं. त्या काळात शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकचं मेरेंगे हे नाचाचं संगीत हैतीत फार चालायचं. नेमूरने त्यातलं घेतलं, हैतीची स्वतःची जुनी मेरेंग होतीच, वेग थोडा उतरवला आणि ठेका असा सरळ करून टाकला की नाच न येणाराही दोन मिनिटांत पाय टाकायला लागेल. म्हणून नाव ‘कोंपा दिरेक्त’, दिरेक्त म्हणजे सरळ. रिशार द्युरोझोचा अकॉर्डियन त्या बँडची ओळख होती, जुनी रेकॉर्डिंग्ज मिळाली तर आधी तोच शोधा.

वेबेर सिकोही सॅक्सवालाच, आधी नेमूरच्याच सोबत होता, मग वेगळा झाला आणि स्वतःच्या संगीताला ‘कादांस रांपा’ म्हणायला लागला. झालं! साठच्या दशकात या दोघांचा असा कलगीतुरा रंगला की कार्निव्हल आला की एकाने दुसऱ्याची गाण्यातून खिल्ली उडवायची, दुसऱ्याने पुढच्या गाण्यात परतफेड करायची, आणि चाहत्यांचे सरळ दोन तट. वादक म्हणून मला सिको जास्त आवडतो, त्याच्या सॅक्समध्ये नजाकत आहे. पण लोकांना नाचायला काय लागतं ते नेमूरला जास्त कळलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. दोघंही १९८५ मध्येच गेले, काही महिन्यांच्या अंतराने.

प्रश्न: राग मानू नका पण मला सगळी कोंपा गाणी एकसारखी वाटतात आणि संपतच नाहीत. आठ आठ, दहा दहा मिनिटं तेच ते. यात लोकांना काय मिळतं?

राग कशाला, हाच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. आणि मला वाटतं यातच कोंपाचं सगळं गुपित आहे.

हे बसून ऐकायचं संगीत नव्हेच. ते ‘बाल’साठी, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचासाठी बनलंय. जोडीने, अगदी जवळ येऊन नाचतात, पावलं लहान, जागा फारशी लागत नाही, सगळं काम कमरेचं. असा नाच करणाऱ्याला तीन मिनिटांनी गाणं संपलेलं नको असतं, त्याला ठेका तुटायला नको असतो. म्हणून गाण्याचे दोन भाग असतात असं समजा. पहिल्या भागात चाल, कडवी, प्रेमबिम, जे आपण गाणं म्हणतो ते. मग कडवी संपतात आणि खरी मजा तिथून सुरू होते, आणि आपण नेमकं तिथेच बंद करून पुढच्या गाण्यावर जातो!

एक प्रयोग करा. ताबू कोंबो या बँडचं कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग लावा, चांगले हेडफोन घाला आणि गायकाकडे लक्षच देऊ नका. आधी तांबू शोधा, हाताने वाजवायचा ढोल, पंजाची कोरडी थाप आणि मोकळा घुमारा आलटून पालटून येत राहतो, तो शेवटपर्यंत थांबत नाही. मग घंटा शोधा. ती ड्रमरकडे नसते, तिच्यासाठी वेगळा माणूस असतो, एका हाताखाली गायीच्या गळ्यातल्यासारखी लोखंडी घंटा आणि शेजारी जमिनीवर उभा केलेला मोठा ड्रम, या जोडीला ते गाँग म्हणतात. कडव्यांच्या वेळी हा माणूस शांत शांत वाजवतो आणि दुसरा भाग आला की घंटा अशी काही उघडते की अख्खा हॉल एकदम जागा होतो. मग गिटार, एकच छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा, पण दर दोन-चार फेऱ्यांनी त्यात एखादा स्वर हलवलेला असतो. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं, येतं, जातं. गायक आता गात नाही, तो लोकांशी बोलतो, ‘में आँले’ म्हणजे हात वर असं ओरडतो, गर्दी उत्तर देते. हे सगळं त्या ‘तेच ते’मध्ये चाललेलं असतं. एकदा घंटा ऐकायची सवय लागली की दहा मिनिटं कमी वाटतात, मी अगदी मनापासून सांगतेय.

ताबू कोंबोच का, तर हा १९६८ मध्ये पोर्तोप्रिंसजवळच्या पेसिओंविलमधल्या पोरांनी काढलेला बँड. तेव्हा मोठे ऑर्केस्ट्रा मागे पडून गिटार-ड्रमवाले छोटे बँड आले होते, त्यांना मिनी-जाझ म्हणायचे. दुव्हालिए बापलेकांच्या हुकूमशाहीत हजारो लोक देश सोडून गेले, बँडही गेले, हे न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि १९७५ मध्ये त्यांचं ‘न्यूयॉर्क सिटी’ पॅरिसमध्ये जबरदस्त हिट झालं. हैतीचा बँड, अमेरिकेत राहतो, फ्रान्समध्ये गाजतो. कोंपाची बरीचशी कहाणी अशीच परदेशात घडलीय.

प्रश्न: हैतीची क्रिओल भाषा कळत नसेल तर निम्मी मजा गेलीच ना?

निम्मी नाही, पण थोडी जाते, विशेषतः कूपे क्लूए या गायकाची. याचं खरं नाव जाँ जेस्ने आँरी, आधी फुटबॉल खेळायचा आणि टोपणनावही मैदानावरूनच आलेलं. गिटार, संथ मजेशीर ठेका आणि वर याचं चावट, दुहेरी अर्थाचं बोलणं, गावात गप्पा मारतोय असं. हैतीत त्याला राजा म्हणायचे आणि पश्चिम आफ्रिकेत दौरे केले तिथेही लोकांनी डोक्यावर घेतलं. तिथल्या लोकांना तरी क्रिओल कुठे येत होतं? १९९८ मध्ये वारला.

प्रश्न: हैतीचा एक राष्ट्राध्यक्ष कोंपा गायक होता हे खरं का?

खरं आहे. मिशेल मार्तेली, स्टेजवरचं नाव स्वीट मिकी, २०११ ते २०१६ राष्ट्राध्यक्ष. कीबोर्ड वाजवणारा, स्टेजवर वाट्टेल ते करणारा, कधी स्कर्ट घालून यायचा. संगीतकार म्हणून लोकप्रियता खरी होती. राज्यकारभाराबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही, पुढे कॅनडाने आणि २०२४ मध्ये अमेरिकेने त्याच्यावर निर्बंधही घातले.

गाणं आणि राजकारण याबद्दल वाचायचं-ऐकायचं असेल तर मी बुकमान एक्स्पेरियान्सकडे पाठवेन. ते कोंपावाले नाहीत, वोडू या हैतीच्या लोकधर्माचे ढोल आणि रॉक मिसळणारा ‘मिझिक रासिन’ (मुळांचं संगीत) बँड आहे. १९९० च्या कार्निव्हलमध्ये लष्करी राजवट असताना त्यांनी ‘के म पा सोते’ गायलं, म्हणजे मी घाबरत नाही, आणि रस्त्यावरची गर्दी तेच म्हणत चालली होती.

प्रश्न: यात बायका कुठेच दिसत नाहीत, का?

दिसत नाहीत ही तक्रार योग्य आहे. कोंपा बँड म्हणजे पुरुषांचा कारभार, बहुतेक ठिकाणी अजूनही. बायकांनी स्वतःच्या नावावर जागा केली. मार्था जाँ-क्लोद १९५२ मध्ये देश सोडून क्युबाला गेल्या आणि तिथून हैतीची गाणी गात राहिल्या. एमेलीन मिशेल गोनाइव्हची, आवाज इतका मोकळा की कोंपा, जाझ, जुनी लोकगीतं सगळं पेलते. आत्ताच्या रुत्शेल गियोमला ऐका. आणि झूकमध्ये कासाव्‌च्या जोसेलीन बेरोआर, त्यांचा १९८६ चा ‘सिवो’ अल्बम मी कोणालाही डोळे झाकून सुचवते.

प्रश्न: स्टेजवर गाता गाता एक गायक गेला असं ऐकलं. कोण तो?

मिकाबेन, मायकल बेंजामिन. १५ ऑक्टोबर २०२२, पॅरिसचा आकोर अरेना. कारिमी हा लाडका बँड काही वर्षांपूर्वी फुटला होता, त्यांचा पुन्हा एकत्र येण्याचा कार्यक्रम, मिकाबेन पाहुणा गायक. स्वतःची गाणी झाली आणि स्टेजवरून निघताना कोसळला. वय अवघं ४१. वडील लिओनेल बेंजामिन हेही गायक. स्वतः गायचा, इतरांसाठी लिहायचा, प्रोड्युसही करायचा, त्यामुळे त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या गाण्यात त्याचा हात आहे. त्याचं ‘आयिती से’ ऐका, देशावरचं प्रेम आहे पण भाषणबाजी नाही.

प्रश्न: हैतीत सध्या इतकी हिंसा आहे, तिथे अजून कार्यक्रम होतात का?

पोर्तोप्रिंसचा बहुतांश भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. रात्रभराचा बाल म्हणजे लोकांनी रात्री घराबाहेर पडणं आलं, तेच जिथे धोक्याचं तिथे बँड काय करणार? नावाजलेले बँड मायामी, न्यूयॉर्क, माँट्रियाल, पॅरिस इथेच जास्त वाजवतात. राजधानीतलं ओलोफसन हे लाकडी नक्षीचं जुनं हॉटेल, जिथे रिशार मोर्सचा राम हा बँड वर्षानुवर्षं दर गुरुवारी रात्री वाजवायचा, ते जुलै २०२५ मध्ये जाळलं गेलं. मला ती बातमी फार लागली. उत्तरेकडचं काप-आयसियां त्यामानाने शांत आहे आणि तिथे १९४८ पासूनचा ऑर्केस्त्र सेप्तांत्रिओनाल आणि १९६३ पासूनचा त्रोपिकाना, हे दोन मोठे ब्रासवाले बँड अजून आहेत. त्यांच्यातही चुरस आहेच!

प्रश्न: लुइझियानाचं क्रिओल झायडेको आणि हे एकच का?

नाही. झायडेको हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचं संगीत, तिथले क्रिओल लोक वेगळे, इतिहास वेगळा, अमेरिकन ब्लूजचा हात मोठा. अकॉर्डियन दोन्हीकडे आहे एवढंच. क्लिफ्टन शेनिएपासून सुरुवात करा, त्याच्या बँडमध्ये छातीवर पत्र्याचा वॉशबोर्ड अडकवून तो घासत वाजवणारा माणूस असायचा, त्याच्याकडे कान द्या. आवडलं तर कळवा, एक पूर्ण पान झायडेकोला देऊ.