आकाशवाणीवर राग अर्ध्या तासात कसा बसवतात, आणि ‘ए ग्रेड’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मैफलीत तासभर चालणारा राग रेडिओवर अर्ध्या तासात कसा मावतो, आणि कलाकारांच्या परिचयात येणारी ‘ए ग्रेड’ देतं कोण. ग्रेडचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे.

आकाशवाणीच्या श्रेण्या चार: बी, बी हाय, ए आणि टॉप. अर्ज आपल्या भागातल्या केंद्राकडे करायचा, सोबत तयार रागांची यादी द्यायची. ती यादी फुगवू नका. परीक्षक त्यातलाच राग मागतात, आणि हौसेने लिहिलेला अनवट रागच नेमका गळ्याशी येतो. स्थानिक चाळणीतून पार पडलात की तुमचं ध्वनिमुद्रण दिल्लीच्या ऑडिशन मंडळाकडे जातं आणि तिथे ते नाव न सांगता ऐकलं जातं. तुमचे गुरू कोण, घराणं कोणतं, याचा तिथे उपयोग नाही. श्रेणीप्रमाणे मानधन ठरतं, आणि वरच्या श्रेणीसाठी पुन्हा ऐकवावं लागतं.

ही पद्धत कडक झाली ती बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर ऑडिशनच्या कामात प्रमुख होते. वर्षानुवर्षं रेडिओवर गाणाऱ्यांनाही परीक्षेला बसा म्हटल्यावर कलाकार चिडले आणि गोष्ट बहिष्कारापर्यंत गेली. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण पडद्याआडून ऐकण्याची कल्पना चांगलीच होती, असं माझं मत.

नापास होण्याचं कारण बहुतेकदा ताना (जलद स्वरांच्या फेका) कमी पडणं हे नसतं. राग स्वच्छ नसतो. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच, पण मारव्यात मुक्काम रिषभ-धैवतावर (रे-ध) आणि पूरियात गंधार-निषादावर (ग-नी). मारवा मागितला आणि तुम्ही गंधारावर रेंगाळलात की परीक्षकांच्या भुवया वर गेल्याच समजा. भूप आणि देशकार ही जोडीही अशीच. देशकारात धैवताला जो मान आहे तो भूपात गंधाराला.

आता वेळेचं गणित. अर्ध्या तासाच्या प्रसारणात उद्घोषणा वजा जाता हाती साधारण २८ मिनिटं राहतात. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात एक मात्रा (तालाचा एक ठोका) ४ सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) ४८ सेकंदांचं होतं. बडा ख्याल, म्हणजे विलंबितातली मुख्य बंदिश, १८ मिनिटांत बसवायचा तर २२ आवर्तनं मिळतात, तेविसावं अर्धवट राहतं. म्हणजे आधी औचार (तालाआधीचा छोटा आलाप) मिनिटभर, मग अस्थाईला (बंदिशीच्या पहिल्या भागाला) २ आवर्तनं, मंद्रापासून (खालच्या सप्तकापासून) पंचमापर्यंतच्या बढतीला, म्हणजे स्वरागणिक विस्ताराला, ७, तिथून तार षड्जापर्यंत ५, अंतऱ्याला (बंदिशीच्या दुसऱ्या भागाला) २, बोलआलाप-लयकारीला (शब्द घेऊन आलाप आणि लयीचे खेळ) ३ आणि तानांना ३. उरलेली आठ-नऊ मिनिटं द्रुत (जलद) बंदिशीला. तिलवाडा (१६ मात्रांचा ताल) घेतलात तर त्याच लयीत आवर्तन ६४ सेकंदांचं होतं आणि १८ मिनिटांत जेमतेम १६ बसतात, तेव्हा मांडणी नव्याने करावी लागते. घरी आवर्तनं मोजून, घड्याळ समोर ठेवून गाऊन बघा.

चूक जवळजवळ सगळ्यांची एकच होते. मंद्र-मध्यातच १२-१३ आवर्तनं खर्ची पडतात, काचेपलीकडून निर्माता उरलेली मिनिटं बोटांवर दाखवायला लागतो, मग अंतरा धावत येतो आणि ताना घशात अडकतात. किराणा घराण्याच्या पद्धतीने संथ बढत करणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी मुळातच एक राग, एक विलंबित आणि छोटी द्रुत एवढंच धरावं; शेवटी ठुमरी जोडण्याचा मोह नको. १० मिनिटांचीच वेळ असेल तर विलंबिताच्या वाटेला न जाता मध्यलय बंदिश घ्यावी. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला ३ मिनिटांच्या आसपास जागा असे, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला आहे. ते ऐकलं की १० मिनिटं ऐसपैस वाटतात.

आणखी एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. सकाळच्या प्रसारणाचं ध्वनिमुद्रण दुपारी होऊ शकतं. जेवून आल्यावर ललत, म्हणजे पहाटेचा राग, गायचा असतो. त्या दिवशी जेवण हलकं ठेवा आणि आधी पंधरा मिनिटं नुसता खर्ज (खालचे स्वर) लावा.

स्टुडिओत वातानुकूलन असतं आणि वाद्यांना ते मानवत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेतून तबला आत आला की पुडीचं चामडं सुकायला लागतं आणि स्वर चढतो. आल्याआल्या हातोडी मारून स्वरात मिळवलेला दायाँ (उजवा तबला) वीस मिनिटांनी वर गेलेला सापडतो. वाद्यं गवसणीतून काढून अर्धा तास तशीच राहू द्यावीत, मग मिळवावीत. तानपुऱ्याचंही तेच, शिवाय जवारीचा दोरा (तारांखालचा, झणकार आणणारा) तिथे नव्याने सरकवावा लागतो. तुमची पट्टी (गाण्याचा षड्ज) केंद्राला आधीच कळवा. एका पट्टीचा दायाँ दुसऱ्या पट्टीच्या गाणाऱ्याला चालेलच असं नाही.

मायक्रोफोन तोंडापासून फूट-दीड फुटावर आणि किंचित बाजूला हवा. अगदी समोर असला तर बंदिशीतल्या ‘भ’ आणि ‘फ’चे फुगे फुटतात. मांडीवर ताल धरण्याची सवय असेल तर थाप ध्वनिमुद्रणात उतरते, बांगड्याही उतरतात. बायाँच्या (डाव्या तबल्याच्या) फार जवळ माइक गेला की घुमारा सगळं गिळतो. हे तंत्रज्ञाला निःसंकोच सांगा, तो चिडत नाही.

साथीदारांबद्दल थोडं. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही आणि पेटीच्या सुरावटीत स्वर मुळातच सरकलेले, हे आक्षेप. दुसरा खोटा नाही: तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजण्याचं एकक), पेटीचा ४०० वर. या बंदीने केंद्रांवर सारंगी टिकली. सारंगीवादक पंडित राम नारायण आधी लाहोर आणि मग दिल्ली केंद्रावर साथीला होते. १९४९ मध्ये ते मुंबईला आले आणि पुढे सारंगीचे एकल कलाकार झाले. बंदी उठल्यावर पेटी परतली आणि सारंगी मागे पडली. आज बऱ्याच केंद्रांवर नोकरीतले वादक निवृत्त झाले, त्यांच्या जागा रिकाम्याच आहेत. म्हणून साथ केंद्र देणार की तुम्ही आणायची, हे करारावर सही करतानाच विचारून घ्या. उद्घोषकासाठी राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द आणि साथीदारांची पूर्ण नावं स्वच्छ अक्षरात लिहून द्या. तबलजीचं नाव चुकीचं गेलं तर ते दुरुस्त करायला दुसरी संधी नसते.

ऐकून शिकायचं असेल तर ‘रागम’ ही आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची २४ तासांची वाहिनी आहे, २०१६ पासून. ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर लागते. हातात कागद घेऊन ऐका आणि अंतरा कितव्या मिनिटाला आला तेवढं टिपत जा.