नववीच्या मुलांना पायथन: आधी अंदाज, मग रन

मे महिन्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना दोन आठवडे प्रोग्रॅमिंग शिकवायचंय, संगणक निम्मेच आहेत, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं स्क्रॅच घ्यावं की टाइप करून लिहायचं पायथन, असं तुम्ही विचारलंय.

पायथनच घ्या. स्क्रॅच पाचवी-सहावीला उत्तम, पण नववीतल्या बऱ्याच मुलांना ते लहानांचं वाटतं. सगळ्या संगणकांवर थॉनी, म्हणजे पायथन लिहायचा आणि चालवायचा साधा प्रोग्रॅम, टाकून ठेवा. पायथन त्याच्या सोबतच येतं, आणि एकदा बसवलं की नेट गेलं तरी वर्ग अडत नाही.

पहिल्या दिवशी टर्टल, म्हणजे आज्ञेप्रमाणे पडद्यावर चालत रेघ काढणारं पायथनमधलं कासव. समभुज त्रिकोण काढायला सांगा. भूमितीत कोन 60 अंशांचा शिकलेत, म्हणून बहुतेक जण वळणही 60 चंच देतात, आणि पडद्यावर उमटतो अर्धा षटकोन! इथे उत्तर सांगायची घाई अजिबात करू नका. फरशीवर खडूने त्रिकोण आखा आणि एकाला त्यावर चालायला लावा. कोपऱ्यावर आपण 60 नाही, 120 अंश वळतो, हे त्यांचं त्यांना दिसतं. पूर्ण फेरीत एकूण वळण 360, मग पंचकोनाला 72, हेही तीच काढतात. 1967 साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो भाषा केली, हे कासव त्याच परंपरेतलं. फक्त फाइलला 'टर्टल' नाव देऊ देऊ नका, नाहीतर पायथन स्वतःच्या मूळ टर्टलऐवजी तीच फाइल उघडतं आणि मुलं गोंधळतात.

संगणक निम्मे आहेत ते मला तर बरंच वाटतं. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पुढे काय होईल ते वहीत लिहायचं, मगच रन. थोड्या वेळाने जागा बदला. इनपुटने, म्हणजे कीबोर्डवर टाइप केलेलं घेणाऱ्या आज्ञेने, 5 आणि 3 घेऊन बेरीज केली की 53 येतात. वहीत आधी 8 लिहिलेलं असेल तरच 'असं का?' हा प्रश्न मनापासून येतो. मग इनपुट नेहमी मजकूरच देतं आणि मजकुराचा पूर्णांक करणारं इंट कशाला हवं, हे दोन मिनिटांत समजतं. जाता जाता इंटला देवनागरी '१४' देऊन दाखवा, तेही चालतं. मुलं खूश होतात.

एरर आली की शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावा, चूक बहुतेकदा तिथेच सांगितलेली असते. ती इंग्रजीत असते म्हणून मुलं बिचकतात, तेव्हा नेहमीच्या चार-पाच एररचा मराठी अर्थ फळ्यावर लिहून ठेवा. आणि कितीही उशीर झाला तरी त्यांच्या कीबोर्डला तुम्ही हात लावू नका.