लग्न झालंय का?

प्रिय पोरी,

परवा जिन्यात तू हळूच विचारलंस, "काकू, काहीच त्रास नसेल तरी तपासायला लागतं का? तीन आठवडे झाले." तेवढ्यात वरून कुणीतरी उतरलं आणि तू गप्प झालीस. तुमच्या खोलीत चार कॉट आहेत आणि आपल्या वाड्याच्या भिंतींना कान आहेत, म्हणून ही चिठ्ठी डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. वाचून झाली की फाडून टाक.

हो, कंडोमशिवाय संबंध आला की लैंगिक आजारांसाठी तपासायला लागतं. त्रास नसतो म्हणूनच लागतं. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. उपचार झाला नाही तर तो आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतो, आणि पुढे कधीतरी दिवस राहत नाहीत तेव्हा शोधाशोध सुरू होते. सिफिलिसची जखम दुखत नाही. ती योनीच्या आत असेल तर दिसतही नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. बाई समजते, बरं झालं. रोग मात्र रक्तात राहतो.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. मी नोकरीत असताना ओपीडीत एक मुलगी यायची, तुझ्याच वयाची. लघवीला जळजळ. मी केसपेपर भरताना सवयीने विचारलं, "लग्न झालंय का?" ती नाही म्हणाली, मी 'अविवाहित' लिहिलं आणि तो विषय तिथेच मिटला. तिला दोनदा लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्यांदा आली ती ओटीपोट धरून. गर्भनलिकांना सूज होती. ती खोटं बोललीच नव्हती. तिचं लग्न झालं नव्हतंच. चुकीचा प्रश्न मी विचारला होता आणि ती चूक मला अजून सलते.

तुलाही हाच प्रश्न विचारला जाईल. आपल्याकडे संबंध आलाय का, हे विचारायची लाज वाटते म्हणून लग्नाचं विचारतात. तेव्हा नुसतं 'नाही' म्हणून थांबू नकोस. असं म्हण: "लग्न झालेलं नाही, पण संबंध आला आहे, तीन आठवड्यांपूर्वी, कंडोम नव्हता." घरी आरशासमोर दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघ, खोलीत कुणी नसताना. कोणत्या तपासण्या होणार ते याच एका वाक्यावर ठरतं. संबंध तोंडाने किंवा गुदमार्गाने आला असेल तर तेही सांग, कारण घशातलं इन्फेक्शन लघवीच्या तपासणीत सापडत नाही. समोरच्याच्या कपाळावर आठी पडली तर पडू दे. आपण तिथे तब्येत दाखवायला गेलेलो असतो.

सगळ्यात आधी मेडिकलमधून गर्भतपासणीचं किट आण. तीन आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे उत्तर खात्रीचं मिळेल.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया आता तपासता येतात, त्यांना दोन आठवडे पुरतात. योनीतला स्वाब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, सर्वांत चांगला, आणि तो बऱ्याच ठिकाणी आपला आपण घेता येतो. लघवी द्यायची असेल तर आधी तासभर जायचं नाही आणि अगदी पहिल्या धारेची द्यायची. एरवी आपल्याला मधल्या धारेची द्यायला शिकवलेलं असतं, इथे ते उलट आहे.

रक्तात एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल नावाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी. यात एकदाच तपासून चालत नाही. एचआयव्हीची लॅबमधली नव्या प्रकारची, म्हणजे चौथ्या पिढीची, चाचणी पंचेचाळीस दिवसांनी खात्रीचं सांगते. बोट टोचून करतात त्या झटपट चाचणीला तीन महिने धर. सिफिलिसलाही तेवढाच काळ लागू शकतो. म्हणून आत्ता एकदा दे, आणि परत कधी द्यायची ती तारीख अभ्यासाच्या वेळापत्रकातच लिहून ठेव. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून दुसरी फेरी बुडवू नकोस. नेहमीच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये यातलं सहसा काही नसतं, त्यावर पैसे घालवू नकोस.

पुढे कधी अशी वेळ आलीच तर लक्षात ठेव, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात. तीन आठवडे वाट बघायची नाही, लगेच दार वाजवायचं.

ससून हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट आहे. बाकीच्या लैंगिक आजारांसाठी सरकारी दवाखान्यांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, त्याच नावाने विचार. फोनवरच बोलायचं असेल तर एड्स हेल्पलाइनचा 1097, तोही फुकट. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुझ्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तुझी माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. लातूरला घरी काही कळेल ही भीती मनातून काढ.

काही निघालंच तर क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस हे तिन्ही अँटिबायोटिकने बरे होतात. एचआयव्हीची औषधं सरकार फुकट देतं आणि ती नीट घेणारी माणसं म्हातारी होतात. मात्र मेडिकलवाल्याला विचारून स्वतः गोळ्या घेऊ नकोस, रोग अर्धवट दबतो. आणि त्या मुलालाही सांगावं लागेल. त्याने उपचार घेतले नाहीत तर तेच पुन्हा तुझ्याकडे येईल. सांगायला जड जाईल, पण त्यालाही कळायला हवं.

सकाळी लवकर गेलीस तर केसपेपरची रांग कमी असते. सोबत हवी असेल तर डबा परत देताना सांग, मी येईन. नको असेल तर एकटी जा. रिपोर्ट मला दाखवलाच पाहिजे असंही नाही.

तुझी,
काकू