आठवड्याच्या पिल्लाला काय दिसते?

प्रश्न : आमच्या घरच्या फिशटँकमध्ये झेब्रा माशांनी अंडी घातली होती. त्यांतली पिल्ले आता जेमतेम आठवड्याची झाली असून, दोन काळे डोळे सोडले तर त्यांचे फारसे काही नजरेस पडत नाही. तरीही पाण्यातल्या सूक्ष्म खाद्यावर ती नेमकी झडप घालतात आणि मी हात जवळ नेला की क्षणात लांब पळतात. एवढ्याशा मेंदूत काय खायचे आणि कशापासून पळायचे, हे ठरते तरी कसे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेल्या दोन्ही हालचाली मुख्यतः दृष्टीच्या आधाराने होतात, आणि त्या वयाच्या मानाने ही मोठीच मजल आहे. अंडे फलित झाल्यापासून साधारण दोन दिवसांत दृष्टिपटलातून निघालेले चेतातंतू मेंदूपर्यंत पोचतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास डोळे हलत्या दृश्याचा मागोवा घेऊ लागतात आणि पाचव्या दिवशी पिल्लू पोहू व शिकार करू लागते. तेव्हा त्याची लांबी सुमारे 4 मिलिमीटर आणि मेंदूतील चेतापेशी सुमारे 1 लाख असतात. आपल्या मेंदूत त्या जवळजवळ 8,600 कोटी आहेत. अंड्यातून सोबत आलेले पोषण संपत आलेले असल्याने या दिवसांत पिल्लाला पाहूनच पोट भरावे लागते. आईबापांची मदत तर नसतेच, उलट ते स्वतःचीच अंडी खातात.

शिकारीची सुरुवात डोळ्यातच होते. झेब्रा माशाच्या दृष्टिपटलात लाल, हिरव्या, निळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या चार प्रकारच्या शंकुपेशी असतात. पिल्लू समोर आणि किंचित वर पाहते तेव्हा दृष्टिपटलाचा जो भाग वापरला जातो, त्यात अतिनील शंकुपेशींची दाटी असते. उथळ, उजेडाच्या पाण्यातले पॅरामेशियम हे एकपेशीय सूक्ष्मजीव अतिनील प्रकाश विखुरतात, त्यामुळे कवडशात धुळीचा कण चमकावा तसे ते पिल्लाला उठून दिसतात. या शंकुपेशी नाहीशा केल्यास पिल्लांची शिकार लक्षणीय प्रमाणात मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे.

डोळ्यातली माहिती मेंदूकडे नेणारे सर्व तंतू विरुद्ध बाजूला जातात, म्हणजे उजव्या डोळ्याचे डाव्या अर्ध्या मेंदूत आणि डाव्याचे उजव्या. तेथे ते एकाच ठिकाणी न संपता दहा निरनिराळ्या जागी पोचतात. त्यांतली सर्वांत मोठी जागा म्हणजे मध्यमेंदूचे छप्पर, अर्थात टेक्टम. दृष्टिपटलावर शेजारी असलेले बिंदू टेक्टमवरही शेजारीच उमटतात, त्यामुळे समोरच्या जगाचा नकाशाच तेथे तयार होतो आणि भक्ष्य नेमके कोणत्या दिशेला आहे हे त्या नकाशावरून कळते. उरलेल्या नऊ जागा लहान असल्या तरी बिनमहत्त्वाच्या नाहीत. त्यांतली एक, टेक्टमच्या पुढे प्रीटेक्टममध्ये असलेली, भक्ष्याएवढ्या बारीक हलत्या ठिपक्यांना विशेष प्रतिसाद देते आणि ती निकामी केली की शिकार घटते. टेक्टमच्या वरच्या थरात काही दमन करणाऱ्या पेशी असतात. दृश्य मोठे असेल तर त्या खालच्या पेशींना आवर घालतात, आणि म्हणूनच लहान वस्तूंचा संकेत खालपर्यंत पोचतो.

शिकार सुरू झाली हे ओळखण्याची खूण पिल्लाच्या डोळ्यांत असते. एरवी बाजूंना वळलेले दोन्ही डोळे आत, नाकाकडे वळतात, त्यामुळे समोरचा काही भाग दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसू लागतो. मग शेपटीचे टोक इंग्रजी 'जे' अक्षरासारखे वळवून पिल्लू अंग थोडे थोडे फिरवते, भक्ष्य बरोबर समोर आणते आणि मगच झेपावते. घरी चांगले भिंग असेल तर वरून पाहताना हे डोळ्यांचे वळणे दिसू शकते.

आता आपल्या हाताविषयी. जवळ येणाऱ्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर झपाट्याने मोठी होत जाते. नुसता उजेड कमी होण्यापेक्षा हे वाढत जाणेच पिल्लाला जास्त पळवते. तीच वस्तू लहान होत दूर जात असेल तर पिल्लू सहसा पळत नाही. हा संकेतही टेक्टम आणि त्याच्या आसपासच्या भागांत ओळखला जातो व तेथून पश्चमेंदूकडे जातो. पश्चमेंदूत डाव्या आणि उजव्या बाजूला मॉथनर नावाची एकेक मोठी पेशी असते. तिचा तंतू विरुद्ध बाजूला जाऊन मेरुरज्जूतून खाली उतरतो, त्यामुळे ती पेशी पेटली की त्या विरुद्ध बाजूचे स्नायू एकदम आखडतात आणि अंग अर्धवर्तुळात वळून पिल्लू धोक्यापासून दूर फेकले जाते. वेगवान पळण्यात या पेशींचा वाटा मोठा असतो, मात्र पळणे सर्वस्वी त्यांच्यावरच अवलंबून नसते.

आकारावर सगळे अवलंबून असेल तर मधल्या आकाराच्या वस्तूचे काय, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर पोटावर ठरते. उपाशी पिल्ले लहान हलत्या वस्तूंकडे अधिक प्रमाणात जातात, तर पोट भरलेली त्याच वस्तू टाळतात. उपासामुळे ताणाच्या संप्रेरकांची यंत्रणा मंदावते, सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा प्रभाव बदलतो आणि टेक्टममध्ये लहान वस्तूंना प्रतिसाद देणाऱ्या अधिक पेशी कामाला लागतात. म्हणजे भुकेची दखल निर्णयाच्या शेवटी नव्हे, तर दृश्याचा अर्थ लावतानाच घेतली जाते. आपल्या टँकमधले एखादे पिल्लू एकाच कणाकडे सकाळी धावते आणि खाणे झाल्यावर त्याच्यापासून दूर सरते, असे दिसले तर त्यात विसंगती नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. जिवंत माशाच्या मेंदूत काय चालले आहे, हे त्याचा मेंदू न उघडता कसे कळते? आणि यातले काही घरी पाहता येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पिल्ले पारदर्शक असतात, हे त्यामागचे मुख्य कारण. त्वचेतले काळे रंगद्रव्य नसलेले वाण प्रयोगशाळांत वापरतात. त्यांच्या चेतापेशींत जनुकीय तंत्राने असे प्रथिन घालतात, जे पेशी उद्दीपित होऊन तिच्यात कॅल्शियम वाढले की अधिक उजळते. पिल्लाला मऊ जेलमध्ये बसवून शेपटी मोकळी ठेवतात आणि पडद्यावर ठिपके किंवा पट्टे दाखवत सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू पाहतात. 2013 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रकाशाच्या पातळ पडद्याने पिल्लाचा जवळजवळ संपूर्ण मेंदू साधारण दर 1.3 सेकंदाला एकदा टिपला, आणि त्यात 80 टक्क्यांहून अधिक चेतापेशी स्वतंत्रपणे ओळखता आल्या. पुण्यातही पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आणि आघारकर संशोधन संस्थेत झेब्रा माशांवर संशोधन होते.

घरी मेंदू दिसणार नाही, पण त्याचे एक काम मात्र दिसेल. सपाट तळाच्या काचेच्या भांड्यात टँकमधलेच पाणी घेऊन सहा-सात दिवसांची काही पिल्ले सोडा. खाली साधारण 1 सेंटिमीटर रुंदीचे काळे-पांढरे पट्टे काढलेला कागद ठेवून तो पट्ट्यांना आडव्या दिशेने, सावकाश सरकवा. पिल्ले बहुधा त्याच दिशेने पोहू लागतील. सगळा तळ सरकतो आहे म्हणजे पाणी आपल्याला वाहून नेत आहे, असा अर्थ त्यांचा मेंदू काढतो आणि जागा टिकवण्यासाठी ती पट्ट्यांच्या मागे जातात. वाहत्या ओढ्यात जागा न सोडण्याची हीच युक्ती आहे. हे काम प्रामुख्याने प्रीटेक्टम करते, दोन्ही डोळ्यांकडून आलेली माहिती एकमेकांशी ताडून पाहते. टेक्टम निकामी झाले तरी ही प्रतिक्रिया टिकून राहते, शिकार मात्र कोलमडते. कागद उलट सरकवल्यास पिल्ले वळतात का, हेही पाहा. प्रयोग थोडक्यात आटोपून त्यांना लगेच टँकमध्ये परत सोडा, कारण थोड्या पाण्याचे तापमान लवकर बदलते आणि या वयात ते त्यांना मानवत नाही.